सत्कारानंतर ती रात्री कुठे परतणार?

तालुक्याच्या गावातलं एक वाचनालय चालवणाऱ्या तरुण मंडळींनी विचारलं आहे की १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, आपल्या भागात हक्कांसाठी झगडणाऱ्या पाच जणांचा जाहीर सत्कार करायचा आहे, तर तो कसा करावा. तीन नावं त्यांच्या मनात आहेत. एक ऊसतोड कुटुंबातली बाई, जी रेशन आणि निराधार पेन्शनची कामं करते. दुसरी जातपंचायतीविरुद्ध उभी राहिलेली तरुणी. तिसरे माहितीचा अधिकार वापरणारे निवृत्त शिक्षक. वर्गणीचे चाळीसेक हजार जमतील, नगरपालिकेचं सभागृह मिळेल, आणि प्रमुख पाहुणे म्हणून आमदारांना बोलवायचा विचार आहे.

सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मी एकोणीस वर्षं असे कार्यक्रम करते आहे. त्या अनुभवावरून सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी एक प्रसंग. दहा-अकरा वर्षांपूर्वी आम्ही एका ताईंना फोन करून सांगितलं, की यंदाच्या पुरस्कारासाठी तुमची निवड झाली आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता, आणि मग प्रश्न आला, ‘किती भरायचे?’ त्यांच्या गावात त्याच महिन्यात कुणी तरी गाडीवर पाटी लावून आलं होतं, ‘मानवाधिकार’ असं लिहिलेलं ओळखपत्र आणि ‘समाजरत्न’चं सन्मानचिन्ह पैसे घेऊन वाटून गेलं होतं. अशा संघटनांचा सुळसुळाट किती आहे ते तुम्हीही पाहत असाल. म्हणून पहिलं काम हे, की तुमचा निरोप फोनवरून देऊ नका. दोघं-तिघं जा, त्यात एक बाई असू दे, चहा घ्या, वाचनालय कोण चालवतं, पैसा कुठून येतो ते सांगा. आणि ‘तुम्हाला पुरस्कार जाहीर केलाय’ असं म्हणू नका. ‘द्यायची इच्छा आहे, तुम्हाला चालेल का?’ असं विचारा.

हे विचारणं म्हणजे शिष्टाचार नव्हे. ती बाई किंवा तो माणूस पुरस्कार घेऊन रात्री ज्या गावात, ज्या वस्तीत, ज्या घरात परततो, तिथे त्या शाल-श्रीफळाचं काय होतं, यावर तुमचा सगळा कार्यक्रम आखला गेला पाहिजे. साहित्याच्या किंवा नाटकाच्या पुरस्कारात हा प्रश्न नसतो. हक्कांचं काम करणाऱ्याचं मात्र भांडण कुणाशी तरी चालू असतं, आणि तो कुणी तरी बहुतेक वेळा त्याच गावात राहतो.

ही शिकवण आम्हाला चुकीतून मिळाली. जातपंचायतीच्या जाचाविरुद्ध तक्रार दिलेल्या एका मुलीचं नाव आम्ही तिच्या होकारानंतर जाहीर केलं, पण फ्लेक्स कुठे लागणार ते तिला विचारलंच नाही. एसटी स्टँडसमोर तिचा चेहरा चार फुटांचा झाला. दोन दिवसांत तिच्या आईला पिठाच्या गिरणीतून परत पाठवलं गेलं. मुलगी कार्यक्रमाला आली, बोललीही सुंदर, पण आईची ती दळण न होता परत आलेली पिशवी आम्ही विसरू शकलो नाही. तुमच्या यादीतल्या तरुणीबाबत म्हणून फार काळजीनं सांगते. नाव छापायचं का, फोटो छापायचा का, गावाचं नाव सांगायचं का, बातमी कार्यक्रमाआधी द्यायची की नंतर, हे चार प्रश्न तिला वेगवेगळे विचारा. उत्तरं लिहून घ्या आणि फोटोग्राफरपासून सूत्रसंचालकापर्यंत सगळ्यांना द्या. तिनं आदल्या दिवशी मत बदललं तर ते मान्य करा. आपल्याकडे २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे, तरी गिरणीवाल्यानं ‘आज लाइट नाही’ म्हटलं तर त्या क्षणी कायदा हाताशी नसतो. हाताशी शेजारी असतो. म्हणून तिच्या वस्तीतले कोण तिच्या बाजूचे आहेत ते विचारा आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवा.

याची दुसरी बाजूही आहे. प्रसिद्धी कधी कधी ढालीचं काम करते. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमीन व्यवहारांतले घोटाळे माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. एकटा पडलेला माणूस लवकर लक्ष्य होतो, आणि गावानं ‘हा आमचा माणूस आहे’ असं जाहीर म्हटलं तर समोरचा दोनदा विचार करतो. तुमच्या निवृत्त गुरुजींना बहुधा अशीच मोठी, गाजावाजा असलेली प्रसिद्धी उपयोगी पडेल. पण डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तर सारा महाराष्ट्र ओळखत होता, तरी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यामुळे सरसकट नियम नाही. ज्याचा जीव आहे त्यानं ठरवायचं, आपण त्याच्या ठरवण्याला मदत करायची.

आता निवडीबद्दल. ‘मानवाधिकार कार्यकर्ता’ हा शब्द तुमच्या तालुक्यात कुणी स्वतःसाठी वापरत नसेल. लोक म्हणतात रेशनवाल्या ताई, पेन्शनवाला दादा, वनहक्काचे भाऊ. संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९९८ ला हक्करक्षकांविषयी जो जाहीरनामा स्वीकारला, त्यातही हीच समज आहे. पदावरून, पदवीवरून किंवा संस्थेच्या लेटरहेडवरून कुणी हक्करक्षक ठरत नाही, कामावरून ठरतो. म्हणून ‘अर्ज मागवणे आहे’ अशी जाहिरात दिलीत तर तेच दहा जण अर्ज करतील ज्यांच्याकडे आधीची सन्मानचिन्हं कपाटात आहेत. त्याऐवजी तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यांना विचारा, ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सला विचारा, आशाताईंना विचारा, बाजार समितीतल्या हमालांना विचारा, ‘अडचण आली तर लोक कुणाकडे जातात?’ तीन ठिकाणी एकच नाव आलं की त्या माणसाकडे जा. पारध्यांच्या तांड्यावरही विचारा. इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कपाळी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावर पुसला गेला, पण चोरी झाली की आजही संशय आधी त्याच झोपड्यांवर जातो, आणि रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात जाऊन बसणारी माणसं तुम्हाला तिथेच भेटतील.

चौकशी करताना सगळे जण यशाच्या गोष्टी गोळा करतात. मी उलट सांगेन. ज्यांचं काम झालं नाही त्यांना शोधा. ज्या म्हातारीची पेन्शन मंजूर झालीच नाही, जी खटला हरली, तिला विचारा, ‘त्या ताई नंतर आल्या होत्या का?’ काम फसल्यावरही जो दारात येत राहतो, तो माणूस खरा. माहिती अधिकाराच्या कामात ही पारख जास्तच लागते, कारण अर्ज टाकून मग तो मागे घेण्याचे पैसे घेणारेही थोडे आहेत आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक माणसं बदनाम होतात. गुरुजींकडे बसून दोन-तीन फायली बघायला मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील झालं का, नंतर माहिती आयोगाकडे दुसरं अपील झालं का, आणि मिळालेल्या माहितीचं पुढे केलं काय. खरं काम करणारा फाइल आनंदानं दाखवतो, आपण उठू म्हटलं तरी उठू देत नाही.

आणखी एक चौकशी बहुतेक समित्या टाळतात. बाहेर हक्कांची भाषा बोलणारा माणूस घरी कसा आहे, संघटनेतल्या बायांशी कसा वागतो. समितीतल्या बाईनं हे काम करावं. शंका आली तर कारण न सांगता नाव बाजूला ठेवा, चर्चा समितीबाहेर नेऊ नका.

पाच पुरस्कार पाच व्यक्तींनाच दिले पाहिजेत असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. अशा ठिकाणी एकालाच व्यासपीठावर बोलावलं तर ज्या ग्रामसभेनं एकमतानं निर्णय घ्यायची सवय लावून घेतली तिलाच आपण कापतो. सत्कार ग्रामसभेचा करावा, चार-पाच जणांनी मिळून घ्यावा.

नवरा-बायकोच्या बाबतीत याच्या उलट चूक होते. ऊसतोडीत जोडप्याला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम एक, हिशोब एक, आणि तो टोळीचा मुकादम नवऱ्याशी करतो. तुमच्या यादीतल्या ऊसतोड ताईंचा सत्कार ‘सौ. व श्री.’ असा जोडीनं करून तोच हिशोब व्यासपीठावर मांडू नका. तिचं नाव, तिची शाल, आणि रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यावर. खातं तिच्या एकटीच्या नावावर आहे का, पासबुकावर नाव कसं लिहिलंय, ते आधी बघून घ्या. दोघांचंही काम असेल तर दोघांना वेगवेगळं द्या. २००८चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दोघांच्या नावे होता, तो एवढ्यासाठीच मला मोलाचा वाटतो.

मानपत्राबद्दल जरा थांबून लिहिते, कारण कार्यक्रमातली हीच एक वस्तू पुढे वीस वर्षं टिकते. मानपत्र म्हटलं की आपल्याला ‘अन्यायाच्या काळोखात तेवणारी ज्योत’, ‘वंचितांची माउली’ असं काहीतरी सुचतं. एकदा आम्ही असंच लिहिलं होतं आणि छापण्याआधी ज्यांच्यासाठी होतं त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. पावसाळा होता, ताई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. शेवटपर्यंत ऐकलं, तवा उतरवला आणि म्हणाल्या, ‘हे कुणाचं हाय?’ मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. दर सोमवारी तहसीलला जायचो, मी एकटी नाही, तेरा जणी होतो. त्यातल्या दोघी वारल्या. साहेब जेवायला गेलेत म्हणायचे, तर आम्ही पण डबा घेऊन गेलो आणि दारातच जेवलो. चौथ्या सोमवारी टाकलेल्या बायांची रेशनकार्डं वेगळी करून द्यायला सुरुवात झाली. आम्ही ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या तेरा जणींची नावं छापली, वारलेल्या दोघींचीही. कार्यक्रमात ते वाचलं तेव्हा मागच्या रांगेतून बाया आपापलं नाव आलं की उभ्या राहत होत्या. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. मानपत्रात विशेषण नको. तारीख, ठिकाण, काय केलं, कुणाबरोबर केलं. मोठ्या अक्षरात, सोप्या शब्दांत, आणि सत्कारमूर्तींना आधी वाचून दाखवल्याशिवाय छापखान्यात जाणार नाही.

इथेच कायद्याची बाजूही सांभाळा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, कलम २३ तेच सांगतं. नाव न घेता ‘आपल्याच शेजारच्या वाडीतल्या, मागच्या दिवाळीतल्या त्या घटनेत’ असं सूत्रसंचालक बोलून गेला तरी सगळ्या तालुक्याला कळतं. खटला चालू असलेल्या कुठल्याही प्रकरणात आरोपीचं नाव व्यासपीठावरून घेऊ नका, त्याचा त्रास पुढे तुमच्या सत्कारमूर्तींना होतो.

पाहुण्यांचं सांगते. आमदारांना बोलवायला हरकत नाही, पण पाचही जणांना आधी विचारा की तुमचं कुठलं भांडण त्यांच्या कारखान्याशी, संस्थेशी, नातेवाइकांशी चालू आहे का. तहसीलदार, ठाणेदार यांच्याबाबतही तेच. ज्या साहेबांच्या टेबलावर ताईंचा अर्ज आठ महिने पडून आहे, त्यांच्याच हातून शाल घेतानाचा फोटो निघाला, तर पुढच्या सोमवारी त्या कुठल्या तोंडानं जाब विचारणार? देणगीदारांनाही हीच चाळणी लावा. एका वर्षी मोठी रक्कम देऊ केलेल्या एकानं यादीतलं एक नाव वगळायला सांगितलं. आम्ही रक्कम परत केली आणि त्या वर्षी सन्मानचिन्हं केली नाहीत, नुसती मानपत्रं दिली. कुणाला काही कमी वाटलं नाही. माझा अनुभव असा, की पुरस्कार ज्याच्या हातून द्यायचा तो शक्यतो गेल्या वर्षीचा सत्कारमूर्ती असावा. पहिल्या वर्षी तुमच्याकडे तसा कुणी नसेल, तर सत्कारमूर्तींनी ज्यांचं काम केलं त्यांच्यापैकी एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून द्या. आमदार समोर बसून ऐकू शकतात.

वर्गणीचं थोडक्यात. वाचनालयाची संस्था नोंदणीकृत असेल तर तिच्याच पावतीपुस्तकावर घ्या. नसेल तर गणेशमंडळं धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली जी परवानगी काढतात ती काढा. परदेशातल्या गाववाल्यांकडून पैसे येणार असतील तर एवढं पाहा, की भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी योगदानात धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याची धरतात, आणि ती एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र फाउंडेशननं साहित्याबरोबर समाजकार्यालाही पुरस्कार देऊन ही वाट फार चांगली घालून दिली आहे, पण तालुक्यातल्या मंडळानं नियम सांभाळूनच त्या वाटेनं जावं.

चाळीस हजारांत काय करावं? हार-तुरे, पुष्पगुच्छ, कमान यावर काही खर्चू नका. पाच जणांच्या आणि त्यांच्याबरोबरच्या दोघा-दोघांच्या गाडीभाड्याची, बुडालेल्या रोजगाराची, मुलं सांभाळणाऱ्या बाईची तरतूद आधी करा. सभागृहाला पायऱ्या असतील तर लाकडी उतार करून घ्या, अपंगांच्या हक्कासाठी झगडलेल्या माणसाला चौघांनी उचलून व्यासपीठावर ठेवणं मी पाहिलं आहे, ते पुन्हा बघायची माझी तयारी नाही. उरलेले पैसे रोख पुरस्कारात घाला. एकदा आम्ही एका ताईंना विचारलं काय देऊ, तर त्या म्हणाल्या, कुलूप लागणारी पत्र्याची पेटी. त्यांच्या सात वर्षांच्या अर्जांच्या पोचपावत्या छपराच्या गळतीत भिजत होत्या. आम्ही पेटी दिली, सोबत दोन फायली भरून कागदांच्या झेरॉक्स. तसं विचारून द्या.

साडी-चोळी आणि ओटी हा आपल्याकडे बायांच्या सत्काराचा ठरलेला भाग. तो करू नका. हक्कांचं काम करणाऱ्या बायांत विधवा, टाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या पुष्कळ असतात. एका कार्यक्रमात हळदकुंकवाचं तबक घेऊन आलेली मुलगी एका सत्कारमूर्तींपाशी थबकली आणि पुढे गेली. दोन सेकंदांचं काम, पण त्या ताई नंतर मान वर करून बोलू शकल्या नाहीत. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. आपलं व्यासपीठ त्या गावाच्या मागे राहू नये. सगळ्यांना, बायांना आणि पुरुषांना, एकच वस्तू द्या.

व्यासपीठावर सत्कारमूर्ती मध्यभागी आणि पाहुणे कडेला. प्रास्ताविक पाच मिनिटांत आटपा. दिवसाचं महत्त्व सांगायचंच तर हंसा मेहतांची गोष्ट सांगा. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमाची सुरुवात ‘ऑल मेन’ अशी होती, भारताच्या प्रतिनिधी म्हणून त्या अडून बसल्या आणि ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झालं. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मंजूर झालेल्या कागदात हा शब्द एका भारतीय बाईमुळे आला, हे ऐकताना सभागृहातल्या बाया सरसावून बसतात. त्यानंतर थेट सत्कारमूर्तींचं बोलणं. प्रत्येकाला दहा मिनिटं, आणि ती आभाराआधी घाईघाईत उरकायची नाहीत. ज्यांना भाषणाची सवय नाही त्यांच्याशी कुणी तरी व्यासपीठावर बसून गप्पा माराव्यात, प्रश्न आधी सांगून ठेवावेत. वैदू, पारधी, कैकाडी समाजातली माणसं जशी बोलतात तशी बोलू द्या, ‘शुद्ध’ करायला जाऊ नका.

परतीची सोय मी सगळ्यात शेवटी तपासते. मुक्कामाची एसटी किती वाजता सुटते ते बघून कार्यक्रमाची वेळ ठरवा, किंवा गाडी करा आणि तुमच्यातले दोघं घरापर्यंत सोडायला जा. दुसऱ्या दिवशी फोन करा, आठवड्यानं पुन्हा जा. धमकी आली असेल तर तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार वहीत लिहायला लावा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देताना वाचनालयाचे चार जण बरोबर जा, पोच घ्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात हक्करक्षकांसाठी वेगळा संपर्क कक्ष आहे, तिकडेही तीच प्रत पाठवा.

आता तुमच्या तारखेबद्दल. १० डिसेंबर गळीत हंगामात येतो. ऊसतोड ताई मराठवाड्यातून येणाऱ्या टोळीतल्या असतील तर त्या दिवशी तुमच्याच शिवारात कुठल्या तरी फडावर असतील, आणि स्थानिक असून तोडीला बाहेर गेल्या असतील तर तुमच्या सभागृहात येणं अवघड. पहिल्या बाबतीत, पहाटे तोडीला निघणाऱ्या माणसाला संध्याकाळी सातला कार्यक्रमात बसवण्यापेक्षा तुम्हीच दुपारी त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जा, तिथेच मानपत्र वाचा, टोळीतल्या बाया ऐकतील. दुसऱ्या बाबतीत कार्यक्रम २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी घ्या. तोवर बहुतेक टोळ्या परतीच्या वाटेवर असतात. कुठल्या कारखान्याला गेल्या आहेत आणि पट्टा कधी पडणार, म्हणजे कारखान्याचा हंगाम कधी संपणार आहे, ते त्यांच्या मुकादमाला विचारू नका. त्यांच्या बहिणीला किंवा शेजारणीला विचारा, आणि ते या आठवड्यातच करा.